यान लढतंय, खेळाडू नुसता बघतोय: कोड लिहून खेळायचे खेळ समजून घेताना

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली आणि तेव्हापासून आमच्या सांगलीत 'गेम' हा शब्द घराघरांत जरा जास्तच संशयाने ऐकला जातो. मी इथे अकरावी-बारावीच्या आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवतो, त्यामुळे पालकांचे प्रश्न माझ्यापर्यंत येतात. सध्या सगळ्यांत गोंधळात टाकणारा प्रश्न असा: "सर, पोरगं गेम खेळतोय म्हणतंय, पण हात तर कुठं लावतच नाही. पडद्यावर दोन यानं एकमेकांवर गोळ्या झाडतात आणि हा मागं टेकून बघत बसतो. मधनंच वही काढून त्रिकोण काढतो. हे नेमकं काय चाललंय?"

प्रश्न रास्त आहे. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही, कारण खरा खेळ पडद्यावर लढाई दिसायच्या आधीच होऊन गेलेला असतो.

खेळ आहे तरी काय

नेहमीच्या व्हिडिओ गेममध्ये यान तुमच्या बोटांच्या इशाऱ्यावर पळतं. या खेळांत तसं काहीच नसतं. खेळाडू आधी बसून यानासाठी सूचना लिहितो: शत्रू कसा शोधायचा, त्याच्याकडे कसं वळायचं, गोळी केव्हा झाडायची, पळ केव्हा काढायचा. कुठल्या परिस्थितीत काय करायचं हे पायरीपायरीने सांगणाऱ्या अशा कृतीला अल्गोरिदम म्हणतात, आणि तो कॉम्प्युटरला समजेल अशा भाषेत उतरवला की झाला कोड. दोन खेळाडूंचे कोड समोरासमोर सोडले जातात. एकदा लढाई सुरू झाली की खेळाडूने मध्ये पडायचं नाही.

आपल्या भागातल्या माणसाला हे कुस्तीवरून चटकन कळेल. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंचा हा जिल्हा. कुंडलच्या मैदानावर माती अंगाला लावून उतरणारा पैलवान आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. वस्ताद त्याला वर्षानुवर्षं तालमीत घडवतो. समोरच्याने पट काढला तर काय करायचं, मानेवर हात आला तर कुठून निसटायचं, दम कुठे राखायचा, सगळं घोटून घेतो. पण सलामी झाली की वस्ताद मैदानाच्या कडेला. या खेळात खेळाडू वस्ताद असतो आणि त्याचा कोड पठ्ठा. फरक दोन आहेत आणि दोन्ही मोठे आहेत. वस्तादाला निदान कडेवरून ओरडता येतं, इथे तेही नाही. आणि खऱ्या पठ्ठ्याला स्वतःची अक्कल असते, न शिकवलेला डावही ऐनवेळी त्याला सुचतो. कोडला तसं काही सुचत नाही. तुम्ही लिहिलंत तेवढंच आणि लिहिलंत तसंच तो करणार, मग त्यात त्याचा जीव गेला तरी.

हे फॅड कालपरवाचं नाही

१९६१ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये व्हिक्टर व्हिसॉट्स्की, रॉबर्ट मॉरिस आणि डग मॅकिलरॉय यांनी 'डार्विन' नावाचा खेळ रचला. कॉम्प्युटरच्या स्मृतीत काही प्रोग्राम सोडायचे आणि त्यांनी एकमेकांना संपवून जागा बळकावायची. काही आठवड्यांतच मॉरिस यांनी असा प्रोग्राम लिहिला की त्याला कोणी हरवूच शकेना, आणि खेळ तिथेच थांबला. १९८४ मध्ये 'कोअर वॉर' आला. २००१ मध्ये आयबीएमने 'रोबोकोड' सगळ्यांसाठी खुला केला, त्यात रणगाडे लढतात. अवकाशाचा विषयही लवकरच आला: २०१० च्या गूगल एआय चॅलेंजमध्ये 'प्लॅनेट वॉर्स' होता, ग्रहांवरून ताफे पाठवून दुसऱ्याचे ग्रह जिंकायचा, आणि तो हंगेरीच्या गाबोर मेलिसने लिस्प या जुन्या भाषेत कोड लिहून जिंकला. 'हॅलाइट' या खेळाच्या २०१७ च्या आवृत्तीत यानं ग्रहांवर उतरून नवी यानं तयार करत. 'ऊर्ट' नावाच्या खेळात तर यानांना वेग, वळण, रडार हे सगळं पदार्थविज्ञानाच्या नियमांनुसार सांभाळावं लागतं. माझे विद्यार्थी वहीत त्रिकोण काढतात ते अशा खेळांसाठी.

एका सेकंदाचे साठ तुकडे

कोड लढाईत चालतो कसा? खेळ वेळेचे अगदी बारीक तुकडे करतो. अशा एका तुकड्याला टिक म्हणतात. ऊर्टमध्ये एका सेकंदात ६० टिक असतात. प्रत्येक टिकला तुमचा कोड नव्याने चालतो आणि तीन कामं करतो: आत्ता काय दिसतंय ते बघ, काय करायचं ते ठरव, इंजिनाला आणि तोफेला हुकूम दे. पुढच्या टिकला पुन्हा तेच.

यातली मेख अशी, की मागच्या टिकला काय ठरवलं होतं ते कोडने मुद्दाम लिहून ठेवलं नसेल तर त्याला आठवत नाही. नवख्याचं यान म्हणूनच बावचळतं. एका टिकला डावीकडचा शत्रू जवळचा वाटतो, पुढच्याला उजवीकडचा, आणि यान दोघांच्या मध्ये तोंड हलवत मार खातं. मग विद्यार्थी शिकतो की यानाला एक 'अवस्था' द्यायची: सध्या तू शोध घेतोयस, की माग काढतोयस, की हल्ला करतोयस. एक अवस्था सोडून दुसरीत केव्हा जायचं याचे नियम स्पष्ट लिहायचे. लिफ्ट, वॉशिंग मशीन, चौकातला सिग्नल, या सगळ्यांच्या पोटात हीच युक्ती असते.

शिवाय एका टिकमध्ये किती हिशेब करायचा यालाही बऱ्याच खेळांत मर्यादा असते. एमआयटीच्या बॅटलकोड स्पर्धेत ती कसोशीने मोजतात. म्हणजे कोड बरोबर असून भागत नाही, तो आटोपशीरही हवा.

गोळी शत्रूवर मारायची नसते

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण शाळेतलं गणित कशाला शिकायचं या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

समजा शत्रूचं यान तुमच्या बरोबर समोर ८०० मीटरवर आहे आणि तुमच्या नजरेला आडवं, सेकंदाला ६० मीटर वेगाने चाललंय. तुमची गोळी सेकंदाला १०० मीटर जाते. शत्रू दिसतोय तिथे नेम धरला तर गोळी ८ सेकंदांनी तिथे पोचेल. तोवर शत्रू ४८० मीटर पुढे निघून गेलेला असेल. गोळी रिकाम्या जागेतून जाणार.

म्हणजे नेम शत्रू असेल तिथे धरायचा. पण तो कुठे असेल हे गोळीला किती वेळ लागतो यावर अवलंबून, आणि गोळीला किती वेळ लागतो हे तो कुठे असेल यावर. दोन्ही एकमेकांत अडकलेलं. ही गाठ पायथागोरस सोडवतो. वेळ 'क्ष' सेकंद माना. शत्रू आडवा ६० क्ष मीटर जाईल, समोरचं अंतर ८०० मीटर, आणि गोळीचा तिरका प्रवास १०० क्ष मीटर. काटकोन त्रिकोण तयार झाला. ८०० चा वर्ग अधिक ६० क्ष चा वर्ग बरोबर १०० क्ष चा वर्ग. सोडवलं की क्ष येतो १०. दहा सेकंदांत शत्रू ६०० मीटर सरकतो, गोळी १,००० मीटर जाते, आणि दोघांची गाठ पडते. वहीतला त्रिकोण तो हाच.

शत्रू सरळ आडवा न जाता तिरका निघाला असेल तर दहावीच्या पुस्तकातलं पूर्ण वर्गसमीकरण लागतं. त्या समीकरणाला उत्तरच नसण्याची वेळही येते: शत्रूचा नुसता आडवा वेगच गोळीच्या वेगापेक्षा जास्त असेल तर विवेचक ऋण येतो. परीक्षेत 'वास्तव मुळे नाहीत' एवढं लिहून आपण पुढे जातो. इथे त्या वाक्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो: गोळी वाया घालवू नकोस, हा सापडणार नाही.

अवकाशात ब्रेक नसतो

रस्त्यावर गाडीचं इंजिन बंद केलं की घर्षणाने ती थांबते. अवकाशात थांबवणारं कोणीच नाही. वेग कमी करायचा तर उलट्या दिशेने जोर लावावा लागतो, आणि मुख्य इंजिन मागे असेल तर आधी अख्खं यान फिरवून घ्यावं लागतं.

सेकंदाला १०० मीटर वेगाने जाणारं यान दर सेकंदाला फार तर २० मीटर प्रति सेकंद इतकाच वेग कमी करू शकतं असं धरा. त्याला थांबायला ५ सेकंद आणि २५० मीटर लागतात. नववीच्या विज्ञानात गतीची समीकरणं आहेत, त्यातलं तिसरं हेच सांगतं. ठरल्या जागेच्या २०० मीटर आधी जोर लावायला सुरुवात केली तर यान ती जागा सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने ओलांडून जाईल.

वळण्याचंही तसंच आहे. 'लक्ष्य उजवीकडे असेल तर उजवीकडे वळ' असं लिहिलं की यान वळतं, लक्ष्याच्या पलीकडे जातं, परत फिरतं, पुन्हा पलीकडे जातं आणि असं डोलतच राहतं. त्यावर उपाय असा, की किती कोन उरलाय याबरोबर आपण आत्ता किती वेगाने वळतोय हेही हिशेबात घ्यायचं. लक्ष्य जवळ आलं आणि वळण्याचा वेग जास्त असेल तर लक्ष्यावर पोचण्याआधीच उलटा जोर. याला पीडी कंट्रोल म्हणतात. लग्नात शूटिंगला आलेला ड्रोन वाऱ्यात स्थिर राहतो तो याच जातीच्या हिशेबावर.

समोरचाही डोकं चालवतोय

नेम अचूक झाला की मुलांना वाटतं आपण जिंकलो. मग कोणीतरी नागमोडी पळणारं यान आणतो. तुमचा सगळा हिशेब 'शत्रू सरळ जात राहील' या गृहीतावर उभा होता, तो कोसळतो. डावाला प्रतिडाव आला.

रोबोकोडमधलं उदाहरण मला फार आवडतं. तिथे शत्रूने झाडलेली गोळी तुमच्या रणगाड्याला दिसतच नाही. पण गोळी झाडायला ऊर्जा लागते, ०.१ ते ३ एवढी. त्यामुळे शत्रूची ऊर्जा अचानक तेवढी घटली की हुशार कोड ओळखतो: आत्ता गोळी सुटली. किती ऊर्जा घटली यावरून गोळीचा वेगही काढता येतो, कारण नियमच तसा आहे: २० मधून ताकदीची तिप्पट वजा करायची. ताकद १ असेल तर वेग १७ आणि इजा ४, ताकद ३ असेल तर वेग ११ पण इजा १६. न दिसणारी गोळी केव्हा पोचणार हे कळलं, की त्या क्षणी दुसरीकडे सरकायचं. थेट दिसत नाही ते खुणांवरून ओळखायचं, हा धडा मला व्याख्यान देऊन कधीच इतका नीट शिकवता आला नसता.

रडारचाही पेच असतो. ऊर्टमध्ये झोत रुंद केला तर खूप भाग दिसतो पण लांबचं पकडता येत नाही, अरुंद केला तर लांबचं दिसतं पण आजूबाजूला अंधार. आणि जे दिसतं तेही नेमकं नसतं, त्यात थोडी चूक मिसळलेली असते. दोघे-तिघे शत्रू असतील तर झोत कोणावर किती वेळ ठेवायचा, हेही आधीच लिहून ठेवायला हवं.

मग सगळ्यांना हरवणारा अल्गोरिदम कोणता? बहुतेक चांगल्या खेळांत असा एक नसतो. कोअर वॉरच्या खेळाडूंनी तर आपल्या प्रोग्रामच्या जातींना दगड, कागद आणि कात्री अशीच नावं दिली आहेत: आंधळा मारा करणारे, स्वतःच्या प्रती काढत सुटणारे, आणि शोधून मारणारे. पहिल्याला दुसरा भारी, दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला पुन्हा पहिला.

हा जुगार नाही ना? आणि व्यसन?

जुगार नाही. मी वर सांगितलेल्या खेळांत पैसे लावायचे नसतात. काही स्पर्धांना बक्षिसं असतात, पण बक्षीस वेगळं आणि पणाला लावलेली रक्कम वेगळी.

व्यसनाचं मात्र मी हलक्यात घेणार नाही. 'आता एक बदल करतो आणि बघतो' असं म्हणत रात्रीचा एक वाजतो, हे मी मुलांमध्ये पाहतो. पालकांनी वेळेचा नियम घालावा. त्यात एक सोय आहे: हा खेळ कधीही अर्धवट सोडता येतो. कोड तिथेच राहतो, यान कोणी हिसकावून नेत नाही. आणि खेळाचा सगळ्यांत कसदार भाग, म्हणजे आपण का हरलो याचा विचार, पडद्याशिवायच चांगला होतो. झालेली लढाई पुन्हा संथ गतीने बघायची, कुठल्या क्षणी चुकलं ते टिपायचं, मग कागदावर विचार.

लढाईच कशाला?

मे २०२५ मध्ये सीमेवर ड्रोनच्या झुंडी आपण बातम्यांत पाहिल्या. त्यानंतर एका आईने मला विचारलं की पोरांना हेच शिकवायचं का? मी हा प्रश्न टाळत नाही. हलत्या लक्ष्याचा वेध घेण्याचं गणित शस्त्रांतही वापरतात, हे खरं आहे. यंत्राने माणूस मारायचा निर्णय स्वतः घ्यावा का, हा आपल्या काळातला अतिशय गंभीर प्रश्न आहे. माझं मत असं, की ज्याने स्वतः लिहिलेला कोड न सांगितलेल्या परिस्थितीत कसा वेडावाकडा वागतो हे पाहिलंय, तो अशा निर्णयाला सहजासहजी 'हो' म्हणणार नाही. तरीही कोणाला लढाई नकोच असेल तर हॅलाइटची २०१८ ची आवृत्ती आहे. त्यात 'हॅलाइट' याच नावाचा पदार्थ जास्त गोळा करणारा जिंकतो.

कोड तर आता एआयच लिहून देतं

देतं. वरचं नेम धरण्याचं सूत्र कुठलंही एआय काही सेकंदांत लिहून देईल. मी मुलांना ते वापरायची मनाई करत नाही. पण दोघांनी एकाच एआयकडून यान लिहून घेतलं तर दोघांची यानं जवळपास सारखी वागतात, आणि जिंकतो तो ज्याला ते यान कुठे फसतं हे कळलेलं असतं. हॅलाइट हा खेळ २०१६ मध्ये टू सिग्मा या कंपनीत इंटर्न असलेल्या दोन पोरांनी बनवला होता. त्यांतला मायकेल ट्रुएल पुढे 'कर्सर' हे एआयच्या मदतीने कोड लिहायचं साधन काढणाऱ्यांपैकी एक झाला. यंत्राकडून कोड लिहून घेण्याची सोय करणारा माणूस यंत्राला लढवायच्या खेळातून आला, यात मला तरी नवल वाटत नाही.

पण याचा उपयोग काय?

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चं विक्रम लँडर चंद्रावर आदळलं, तेव्हा अनेक घरांत रडू आलं होतं. २०२३ मध्ये इस्रोचे अध्यक्ष असलेले एस. सोमनाथ यांनी त्या वर्षी कारणं सोप्या शब्दांत सांगितली. इंजिनांनी ठरल्यापेक्षा जास्त जोर दिला, चुका साठत गेल्या. त्या भरून काढायला यानाला वेगाने वळणं भाग होतं, पण किती वेगाने वळायचं यावर सॉफ्टवेअरनेच मर्यादा घातलेली होती. उतरायची जागाही ५०० मीटर गुणिले ५०० मीटर एवढीच होती.

पृथ्वीवरून कोणी हात का दिला नाही? चंद्रापर्यंत संदेश जायला सुमारे १.३ सेकंद लागतात, उत्तर यायला तेवढेच. खाली येणाऱ्या यानासाठी हा उशीर फार मोठा. त्यामुळे शेवटचे निर्णय यानातल्या कोडनेच घ्यायचे असतात. वस्ताद बंगळुरूत, पठ्ठा चंद्रावर.

चांद्रयान-३ च्या वेळी इस्रोने विचाराची दिशाच बदलली. सगळं नीट झालं तर कसं उतरायचं, यापेक्षा काय काय बिघडू शकतं आणि तरीही कसं उतरायचं, यावर रचना केली. जागा सुमारे ४ किलोमीटर लांब आणि २.५ किलोमीटर रुंद घेतली. २३ ऑगस्ट २०२३ ला यान उतरलं. नागमोडी शत्रूकडून मार खाल्लेला माझा विद्यार्थी वहीत 'शत्रू सरळ गेला नाही तर?' असं लिहून खाली उपाय लिहायला लागतो, तेव्हा तो लहान प्रमाणावर हेच करत असतो.

सुरुवात करायची असेल तर

महागडा कॉम्प्युटर लागत नाही. रोबोकोड फुकट आहे, जावा भाषेत चालतो आणि कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवरही पळतो. ऊर्ट ब्राउझरमध्येच चालतो, पण त्याची भाषा रस्ट आहे आणि ती नवख्याला जड जाते, म्हणून मी आधी रोबोकोड सुचवतो. कोडमधले इंग्रजी शब्द मोजके असतात, मराठी माध्यमातल्या मुलांना ते लवकर अंगवळणी पडतात. अल्गोरिदम तर आधी मराठीतच वहीत लिहावा. विचार ज्या भाषेत स्पष्ट होतो त्या भाषेत तो करावा, असं माझं ठाम मत आहे.

आणि कॉम्प्युटर हाताशी नसेल तर वरचंच गणित थोडं बदलून घ्या. शत्रू ८०० मीटरवर, वेग ६०, गोळीचा वेग १००, पण शत्रू आडवा न जाता तुमच्यापासून ४५ अंशांनी तिरका दूर चाललाय. वर्गसमीकरण मांडलं की दोन उत्तरं येतात, एक सुमारे १६.६ सेकंद आणि दुसरं सुमारे उणे ६. उणे उत्तर म्हणजे गोळी सुटायच्या आधीची वेळ, ते टाकून द्यायचं. आपण ते न सांगता टाकून देतो. यानाच्या कोडमध्ये मात्र ती ओळही लिहावी लागते.